मेक्सिको रोड ट्रिप: पुस्तकं दोन, फोन एक, मुक्काम चार

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरावृत्ती काढली आहे, बाकी जसं बोलले तसंच.)



आजचा विषय एका व्हॉइस नोटमधून आलाय. डॅलसमधला आपला एक श्रोता म्हणतो, "ताई, आईबाबा सांगलीहून आलेत. डिसेंबरमध्ये बारा दिवस सुट्टी टाकलीय. मेक्सिकोत गाडीने फिरायचंय, कानकुनच्या रिसॉर्टमध्ये बसायचं नाहीये. इन्स्टावर दीडशे जागा सेव्ह केल्यात आणि दुकानात पुस्तकं बघितली तर डोकं गरगरलं. कुठलं पुस्तक घेऊ आणि कुठे थांबू?"

माझं उत्तर शीर्षकातच आहे. पुस्तकं दोन, फोन एक, मुक्काम चार. आता हे का, ते सांगते. दीडशे जागा आणि बारा दिवस हे गणित बसत नाही, आणि ते बसवायला गेलं की माणसं रात्री गाडी चालवायला लागतात. मेक्सिकोत तेच टाळायचंय.

०१:५० आधी नकाशा: 'मेनलँड' म्हणजे काय?

मेक्सिकोच्या नकाशात डावीकडे एक लांब शेपटी खाली लोंबताना दिसते. ते बाहा कॅलिफोर्निया, द्वीपकल्प. मधे समुद्र, आणि उजवीकडचा मोठा देश म्हणजे मेनलँड. अमेरिकेतून गाडीने जाणाऱ्यांसाठी लिहिलेली बरीच पुस्तकं फक्त बाहाची असतात. वाळवंट, बीच, व्हेल. त्यातला सल्ला मेनलँडला जसाच्या तसा लागू होत नाही.

एकच उदाहरण. अमेरिकन नंबरप्लेटची गाडी बाहामध्ये वेगळ्या परवान्याशिवाय फिरवता येते. मेनलँडच्या आत न्यायची तर तात्पुरत्या आयातीचा परवाना लागतो. तो बानहेर्सितो नावाची सरकारी बँक देते. त्यासाठी डिपॉझिट ठेवावं लागतं, २००७ किंवा त्यानंतरच्या गाडीला ४०० डॉलर. देशाबाहेर पडताना परवाना रद्द करून घेतला तरच ते परत मिळतं. त्यामुळे पुस्तक उचललं की पहिला प्रश्न हाच: हे बाहाचं आहे की मेनलँडचं?

०३:३० मग डॅलसहून गाडीनेच जावं का?

माझं मत: नको. डॅलस ते मेक्सिको सिटी साधारण १,८०० किलोमीटर. जाऊन-येऊन निदान चार दिवस फक्त स्टिअरिंगवर. शिवाय लारेडोचा पूल ओलांडला की समोर तामाऊलिपास राज्य लागतं. अमेरिकेचं परराष्ट्र खातं मेक्सिकोबद्दल राज्यनिहाय सूचना देतं, १ ते ४ अशा पातळ्यांवर, आणि तामाऊलिपास वर्षानुवर्षं चौथ्या पातळीवर आहे. म्हणजे 'जाऊ नका'.

ही राज्यनिहाय यादी प्रत्येकाने स्वतः वाचावी. "मेक्सिको सेफ आहे का?" हा प्रश्नच मोघम आहे. "अमुक राज्यातून, अमुक रस्त्याने, दिवसा जाणं कसं आहे?" असं विचारलं की उत्तर मिळतं. आणि ही यादी बदलत असते, म्हणून ती पुस्तकात न बघता निघायच्या आठवड्यात फोनवर बघायची.

तेव्हा विमानाने मेक्सिको सिटी गाठा आणि गाडी तिथेच भाड्याने घ्या.

व्हिसाचं दोन वाक्यांत. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल, तर पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. आईबाबांचं त्यात भागतं, पण ज्यांचा एच-१बीचा स्टॅम्प संपलाय त्यांनी तिकीट काढायच्या आधी मेक्सिकोच्या वकिलातीची साइट वाचा आणि अमेरिकेत परत यायचं कसं, हे कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला विचारा.

०५:४० पुस्तक पहिलं: 'कुठे जाऊ' सांगणारं

लोनली प्लॅनेट, रफ गाइड, मून ही नावं तुम्हाला माहीत असतील. कुठलं चांगलं यावर लोक भांडतात. मी दुकानात उभ्या-उभ्या तीन गोष्टी बघते, पाच मिनिटांत.

एक, कॉपीराइटचं पान. आवृत्तीचं वर्ष बघा आणि त्यातून एक वर्ष वजा करा, कारण लेखक छपाईच्या बराच आधी फिरून आलेला असतो. वर्ष का महत्त्वाचं? वाहाका शहरापासून पुएर्तो एस्कोन्दिदोच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत डोंगरातून जायला आधी सहा-सात तास लागायचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवा रस्ता सुरू झाला आणि तेच अंतर साधारण तीन तासांवर आलं. त्याआधीचं कुठलंही पुस्तक तुम्हाला "मुक्काम करा, रस्ता वळणावळणाचा आहे" असंच सांगणार. आणखी एक: मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतेक देशात उन्हाळी वेळेची पद्धत बंद केली. म्हणजे जुन्या पुस्तकातलं उन्हाळ्याच्या संध्याकाळचं घड्याळही तासाभराने चुकलेलं.

दोन, पुस्तक कोणासाठी लिहिलंय? मेक्सिकोत लांब पल्ल्याच्या बस फार चांगल्या आहेत, त्यामुळे बरीच गाइडबुकं बसने फिरणाऱ्याला डोळ्यासमोर ठेवून लिहिलेली असतात. एखाद्या शहराचं 'कसं पोहोचाल' उघडा. सगळी माहिती बस स्टँडची असेल आणि पार्किंगचा 'प' नसेल, तर गाडीवाल्याला ते अर्धंच कामाचं.

तीन, छोट्या गावाची परीक्षा. वाहाकाजवळ मित्ला नावाचं गाव आहे. तिथल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींवर दगडाचे बारीक तुकडे एकमेकांत बसवून केलेली भौमितिक नक्षी आहे. पुस्तकात ते पान काढा. "सुंदर अवशेष, अवश्य पाहा" एवढंच असेल तर पुस्तक ठेवून द्या. ती नक्षी काय आहे, किती वेळ लागतो, जवळ आणखी काय आहे हे असेल तर लेखक तिथे खरंच उभा राहिला होता.

आणि अख्ख्या मेक्सिकोचं जाडजूड पुस्तक घेऊ नका. देश भारताच्या साधारण ६० टक्के आकाराचा आहे. आपल्याला त्यातली दोन राज्यं बघायचीत, त्यामुळे त्या भागाचं पातळ पुस्तक घ्या. ई-बुक घेतलं तर डाउनलोड करून ठेवा, डोंगरात रेंज जाते.

०८:३० पुस्तक दुसरं: 'कसं वागू' सांगणारं

हे लोक विसरतात. कार्ल फ्रान्झ नावाच्या लेखकाचं 'द पीपल्स गाइड टू मेक्सिको' हे पुस्तक १९७२ मध्ये पहिल्यांदा आलं, पुढे त्याच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या. हॉटेलांच्या यादीवर त्याचा भर नाही. बाजारात भाव कसा विचारायचा, गाडी बिघडली तर मेकॅनिकशी कसं बोलायचं, लोक काय बोलतात आणि त्याचा अर्थ काय, असं सगळं त्यात आहे. अशा पुस्तकाची जुनी प्रत मिळाली तरी चालते. हॉटेल बंद पडतं, रस्ता बदलतो, पण माणसाची बोलायची रीत इतक्या पटकन बदलत नाही.

अशा पुस्तकांमुळे रस्त्यावरच्या काही गोष्टी आधीच कळतात. त्यातल्या कामाच्या इथेच सांगते.

रस्ते दोन प्रकारचे. 'कुओता' म्हणजे टोलचा आणि 'लिब्रे' म्हणजे फुकटचा. आईबाबा सोबत असतील तर लांबच्या प्रवासाला कुओताच घ्या. टोलला रोख पेसो ठेवा आणि पावती फेकू नका. सरकारी टोल रस्त्यांवर तिच्याशी अपघात विमा जोडलेला असतो.

'टोपे' म्हणजे गतिरोधक. प्रत्येक गावाच्या तोंडाशी, कधी पाटी असते, कधी नसते, रंग उडालेला. आपल्याला हे नवीन नाही, पण गाडी भाड्याची आहे हे लक्षात ठेवा.

पुढच्या ट्रकने डावा इंडिकेटर दिला तर त्याचे दोन अर्थ होतात: "मी डावीकडे वळतोय" किंवा "रस्ता मोकळा आहे, पुढे जा". घाटात आपले ट्रकवाले हात बाहेर काढून 'जा' म्हणतात, तसंच. फरक असा की तिकडे गाड्या उजव्या बाजूने चालतात आणि ओव्हरटेक डावीकडून होतो. तुम्ही नवखे आहात, म्हणून दुसरा अर्थ धरूच नका. थांबा, स्वतः बघा, मगच जा.

पेट्रोल पंपावर माणूस भरून देतो, आपल्यासारखंच. आणि आपल्यासारखंच, मीटरवर शून्य बघून घ्यायचं. थोडी टिप द्यायची पद्धत आहे.

हायवेवर गाडी बंद पडली तर ०७८ हा नंबर. 'आंहेलेस वेर्देस', म्हणजे हिरवे देवदूत, ही पर्यटन खात्याची मदत गाडी. मेकॅनिकची मजुरी घेत नाहीत, सुटे भाग आणि पेट्रोलचे पैसे आपण द्यायचे. आणीबाणीला ९११.

११:४० गाडी भाड्याने घेताना

ऑनलाइन कधीकधी दिवसाला चार-पाच डॉलर असा भाव दिसतो. हुरळून जाऊ नका. मेक्सिकोत दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा बंधनकारक आहे आणि स्वस्त भावात तो बहुतेक वेळा धरलेला नसतो. काउंटरवर गेलं की आकडा फुगतो. क्रेडिट कार्डचा विमा सहसा फक्त भाड्याच्या गाडीच्या नुकसानीपुरता असतो, समोरच्या माणसाच्या नुकसानीपुरता नाही. अमेरिकेतली स्वतःची पॉलिसी मेक्सिकोतल्या या सक्तीच्या विम्याच्या जागी चालत नाही. म्हणून बुकिंगच्या आधी ईमेलवर विचारा: 'रेस्पोन्साबिलिदाद सिविल' धरून एकूण किती? लेखी उत्तर आलं की ते दाखवायला फोनमध्ये ठेवा. लायसन्स कुठलं चालेल तेही त्याच ईमेलमध्ये विचारून टाका.

आणि गाडी पहिल्या दिवशी घेऊच नका. मेक्सिको सिटीत 'ओय नो सिर्कुला' नावाचा नियम आहे. नंबरप्लेटचा शेवटचा आकडा आणि गाडीच्या प्रदूषण तपासणीचं स्टिकर बघून ठराविक दिवशी ठराविक गाड्या रस्त्यावर आणता येत नाहीत. शिवाय ट्रॅफिक असा की पुणेकरालाही पुणं आठवेल. शहरात मेट्रो आणि टॅक्सी वापरा, शहर सोडायच्या सकाळी गाडी घ्या.

१३:२० मुक्काम कसे ठरवायचे?

माझे नियम तीन.

पहिला: दिवसाउजेडी पोहोचायचं. डिसेंबरमध्ये तिकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. अंधारात टोपे दिसत नाहीत, रस्त्यावर आलेली गुरं दिसत नाहीत, आणि लुटीच्या घटनांचा धोकाही वाढतो. मेक्सिको सिटी-पुएब्ला पट्ट्यात मालट्रक लुटल्याच्या बातम्या येत असतात. म्हणून सकाळी नाश्ता करून निघायचं आणि चारपर्यंत मुक्कामाला.

दुसरा: फोनवर पाच तास दाखवले तर सात धरा. जेवण, टोल, टोपे, बाबांचा चहा.

तिसरा: एका रात्रीचा मुक्काम फक्त नाइलाज म्हणून. सामान उघडलं आणि बांधलं, यात अर्धा दिवस जातो.

या नियमांनी दीडशे जागा गाळल्या की दोन चांगले मार्ग उरतात. उत्तरेचा: केरेतारो, सान मिगेल, ग्वानाह्वातो. दक्षिणेचा: पुएब्ला, वाहाका. बारा दिवसांत दोन्ही होत नाहीत. एक निवडा.

उत्तरेचा थोडक्यात सांगते. चांदीच्या व्यापाराच्या जुन्या वाटेवरची गावं, सगळी अंतरं छोटी. ग्वानाह्वातोत रस्ते जमिनीखालच्या बोगद्यांतून जातात, काही तर जुन्या नदीच्या पात्रातून. तिथे फोनचा नकाशा गोंधळतो, म्हणून गाडी वर कडेला लावून खाली चालत जायचं. वाटेत दोलोरेस इदाल्गो. १६ सप्टेंबर १८१० ला मिगेल इदाल्गो या पाद्र्याने इथूनच स्वातंत्र्याची हाक दिली. आज त्याच चौकात अव्होकाडो आणि मोलेच्या चवीचं आइस्क्रीम विकतात.

पण आईबाबा आणि डिसेंबर, या जोडीला मी दक्षिण सुचवेन. अकरा रात्री अशा वाटायच्या.

मेक्सिको सिटी, ३ रात्री. शहर २,२४० मीटरवर आहे, महाबळेश्वरच्या दीडपटीपेक्षा जास्त. पहिला दिवस आराम, भरपूर पाणी, जिने कमी. बाबांना बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधीच विचारा.

इथे एक जागा तुमच्या पुस्तकात बहुधा नसेल. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे, गदर चळवळीतले क्रांतिकारक, मेक्सिकोत शेतीतज्ज्ञ म्हणून राहिले. मक्याच्या जातींवर त्यांनी काम केलं, चापिंगोच्या कृषी शाळेत शिकवलं. टीना मोदोत्ती या छायाचित्रकर्तीने त्यांचे फोटो काढले आणि दिएगो रिवेराच्या शिक्षण खात्याच्या इमारतीतल्या एका भित्तिचित्रातही ते आहेत. पुढे ते भारतात परतले, १९६७ मध्ये नागपुरात वारले. २०२२ मध्ये चापिंगोला त्यांचा पुतळा उभा राहिला. चापिंगो शहराच्या पूर्वेला तेस्कोकोजवळ आहे, पुएब्लाला जाताना थोडी वाकडी वाट करून जाता येतं. तिथल्या जुन्या प्रार्थनागृहात रिवेराचीच १९२० च्या दशकातली चित्रं आहेत. वेळ आधी बघून घ्या. परदेशी वाचकासाठी लिहिलेलं गाइडबुक ही वाट दाखवणार नाही. ती सांगलीच्या माणसाने स्वतःच शोधायची.

चोलुला, २ रात्री. मेक्सिको सिटीहून दोन-अडीच तास. आकारमानाने जगातला सर्वांत मोठा पिरॅमिड इथे आहे, पण लांबून तो टेकडीसारखा दिसतो आणि वर चर्च आहे. सकाळी आकाश स्वच्छ असेल तर मागे पोपोकातेपेत्ल ज्वालामुखी दिसतो. पुएब्ला शहर इथून शेजारी, तालावेरा टाइल्स आणि मोले तिथे.

१२ डिसेंबर ग्वादालूपे मातेचा दिवस. त्याआधी काही दिवस या रस्त्यांवर हजारो लोक पायी आणि सायकलने मेक्सिको सिटीकडे निघालेले असतात. वारीच्या दिवसांत पुणे-सासवड रस्त्यावर गाडी घालाल का? मग इथेही त्या तारखा टाळा.

वाहाका, ४ रात्री. टोल रस्त्याने पाचेक तास, म्हणजे आपल्या नियमाने सात. स्पेलिंग बघून 'ओक्साका' म्हणू नका. एकाच हॉटेलात राहून रोज एका दिशेला जायचं. एक दिवस मोन्ते आल्बान, डोंगराचा माथा सपाट करून वसवलेलं सापोतेक लोकांचं जुनं शहर. सकाळी लवकर जा, सावली नाही. एक दिवस पूर्वेकडे: तूलेचं अवाढव्य झाड, तेओतित्लान देल वायेचे विणकर, शेवटी मित्ला. रविवार असेल तर त्लाकोलुलाचा आठवडी बाजार. आईंना तिथे घरच्यासारखं वाटेल: मिरच्यांचे ढीग, मका, पेरू. मिरची आपल्याकडे आली ती याच भागातून, पोर्तुगीजांच्या जहाजांवरून. २३ डिसेंबरला शहराच्या चौकात 'मुळ्यांची रात्र' असते, मुळे कोरून केलेल्या देखाव्यांची स्पर्धा. ती बघायची तर हॉटेल खूप आधी बुक करा.

येर्वे एल आग्वा नावाचे दगडी धबधबे प्रत्येक रीलमध्ये दिसतात. गावांमधल्या वादामुळे ते २०२१ मध्ये काही काळ बंद होते. वाहाकात 'ब्लोकेओ', म्हणजे सरळ आपलं रास्ता रोको, नेहमीचं. म्हणून सकाळी हॉटेलच्या काउंटरवर एक प्रश्न: "आज रस्ता चालू आहे का?" याचं उत्तर पुस्तकात नाही आणि फोनवरही उशिरा येतं.

परतताना पुएब्ला १ रात्र, मेक्सिको सिटी १ रात्र. एका दिवसात वाहाकाहून विमानतळ गाठायचा हट्ट नको. गाडी आदल्या दिवशीच परत करा.

१८:५० आई शाकाहारी असेल तर

'सिन कार्ने', म्हणजे मांस नको, एवढं पुरत नाही. बीन्समध्ये आणि तामालमध्ये 'मांतेका' असते, तिकडे याचा अर्थ डुकराची चरबी. भात कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेला असू शकतो. वाहाकाची त्लायुदा, म्हणजे मोठी कुरकुरीत मक्याची भाकरी, तिच्यावर 'असिएन्तो' लावतात, तीही चरबीच. म्हणून म्हणायचं: "सिन कार्ने, सिन मांतेका, सिन असिएन्तो, सिन काल्दो दे पोयो." हे वाक्य स्पॅनिशमध्ये लिहून फोनच्या वॉलपेपरवर टाका. मग नोपाल, म्हणजे निवडुंगाची भाजी, केसियो चीज आणि गरम तोर्तिया. आईंची तक्रार फक्त लोणच्याची राहील. ते सांगलीहून आलेलं असेलच, पण घरगुती लोणचं सीमेवर अडू शकतं, तेव्हा ते डॅलसलाच ठेवा.

२०:१० फोनचं काम

फोनवर जे बदलतं तेवढंच: ऑफलाइन नकाशे, राज्यनिहाय सूचना, उघडायच्या वेळा, टोलचा हिशेब. मेक्सिकोच्या वाहतूक खात्याचं 'त्रासा तू रूता' नावाचं ऑनलाइन साधन आहे, त्यात दोन शहरं टाकली की अंतर, वेळ आणि टोल दिसतो. निघायच्या आदल्या रात्री हॉटेलच्या वायफायवर पुढचा भाग डाउनलोड करा आणि पुढच्या हॉटेलचा पत्ता कागदावर लिहून बाबांच्या खिशात द्या. फोन पडला, हरवला, बंद झाला तरी तो कागद राहतो.

आणि त्या दीडशे पिन? डिलीट नका करू. दीडशेतल्या या मार्गावर किती पडतात ते मोजा. दहा-बारा निघतील. बाकीच्या पुढच्या सुट्टीला, आणि तेव्हा पुस्तकाचं वर्ष पुन्हा बघून घ्या.

डॅलसवाल्या मित्रा, परत आलास की व्हॉइस नोट पाठव, आणि या वेळी बाबांना बोलू दे. तुमच्यापैकी कोणी या रस्त्याने जाऊन आलं असेल तर तारखेसकट सांगा, म्हणजे पुढच्याला उपयोग होईल. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत जपून चालवा आणि उजेडात पोहोचा!